बरणीतला साप, पेटीतलं कातडं : जुन्या नमुन्यांवरच्या प्रोटीन संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचं संग्रहालय मी बरीच वर्षं सांभाळतो. संग्रहालय म्हणजे काचेची सात कपाटं, बरण्या, दोन पेंढा भरलेले प्राणी आणि एक नोंदवही. खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडीकडचे शिक्षक, चंदगडहून येणारे विद्यार्थी आणि हल्ली एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं यांचे फोन आणि मेसेज येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. सर, मेलेल्या प्राण्यात इतक्या वर्षांनी प्रोटीन शिल्लक तरी राहतं का?

राहतं, पण जिवंतपणी होतं तसं नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. दूध आटवून, परतून कुंदा केला की त्यातून परत दूध निघत नाही. पण तो कुंदा म्हशीच्या दुधाचा की गाईच्या, हे प्रयोगशाळेत सांगता येतं. कारण उष्णतेने प्रोटीनची घडी मोडली तरी अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ बरीचशी तशीच राहते, आणि त्या मण्यांचा क्रम गाईत आणि म्हशीत थोडा वेगळा असतो.

जुन्या नमुन्याचंही तसंच आहे. घडी गेलेली असते, काम गेलेलं असतं, क्रम बऱ्याच अंशी वाचता येतो. म्हणून ‘या नमुन्यातलं एन्झाइम अजून चालतं का’ असा प्रकल्प घेऊ नका. ‘हे कोणत्या प्राण्याचं, कोणत्या ऊतीचं, यात कोणती प्रोटीनं होती’ असा घ्या.

२. आमच्या कॉलेजातल्या बरण्यांना संग्रहालय कोण म्हणणार? खरे नमुने मुंबईला, कोलकात्याला असतात ना?

मोठे संग्रह तिकडे आहेतच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आणि झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १९१६ पासून जमवते आहे. झूऑलॉजिकल सर्व्हेचं एक केंद्र पुण्यातही आहे. पण मलप्रभेच्या काठचा १९७० च्या दशकातला बेडूक त्यांच्याकडे असेलच असं नाही. तो तुमच्या कपाटाच्या खालच्या फळीवर असू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदन बंद करायला लावलं, तेव्हापासून कॉलेजांत नवे नमुने येणं जवळपास थांबलं. त्यामुळे जे आहे त्याची किंमत वाढली.

अट एकच. बरणीवर चिठ्ठी हवी, किंवा बरणीचा नंबर नोंदवहीत सापडायला हवा. कुठला, कधीचा, कुणी आणला हे कळत नसेल तर तो साप शिकवायला चांगला, संशोधनाला जवळजवळ निरुपयोगी. (चिठ्ठ्या वाचण्याबद्दल प्रश्न १० पाहा. तो सगळ्यात लांब आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.)

३. डीएनए काढता येत असताना प्रोटीनच्या मागे कशाला लागायचं?

डीएनए मिळत असेल तर जरूर काढा, त्यात माहिती जास्त असते. पण तीन ठिकाणी प्रोटीन पुढे जातं.

पहिलं, टिकाऊपणा. उष्ण हवेत डीएनएचे तुकडे लवकर होतात आणि फॉर्मेलीन त्याची आणखी वाट लावतं. हाडातलं मुख्य प्रोटीन म्हणजे कोलॅजन, ते त्या मानाने चिवट असतं. त्याच्या साखळीत दर तिसरा मणी ग्लायसिनचा, आणि अशा तीन साखळ्यांचा पीळ घातलेला असतो. तिबेटच्या पठारावरच्या बैशिया गुहेत १९८० मध्ये एका भिक्षूला जबड्याचा तुकडा सापडला होता. तो पुढे अनेक वर्षं संग्रहात पडून होता. त्यात डीएनए मिळाला नाही, पण दातातल्या प्रोटीनवरून २०१९ मध्ये तो डेनिसोव्हन या नामशेष मानवाचा ठरला. वय किमान १,६०,००० वर्षं.

दुसरं, डीएनए सगळ्या पेशींत एकच. प्रोटीन मात्र यकृतात वेगळी, स्नायूत वेगळी, विषग्रंथीत वेगळी. प्राणी काय होता याबरोबर त्या ऊतीत काय चाललं होतं याचाही अंदाज येतो.

तिसरं, जिथे डीएनएने दाद दिली नाही अशी जुनी कोडी. दक्षिण अमेरिकेतले टॉक्सोडॉन आणि मॅक्रॉकेनिया हे नामशेष प्राणी कुणाचे नातेवाईक, यावर डार्विनच्या काळापासून डोकेफोड चालली होती. संग्रहालयांतल्या हाडांतलं कोलॅजन वाचून २०१५ मध्ये उत्तर मिळालं की ते घोडा, गेंडा, टॅपिर यांच्या बाजूचे.

तोटा हा की डीएनएसारख्या प्रोटीनच्या प्रती वाढवता येत नाहीत. नमुन्यात जेवढं आहे तेवढंच.

४. नेमकं करतात काय? मशीनमध्ये बरणीतला तुकडा ठेवतात का?

नाही. आधी तुकड्यातून प्रोटीन विरघळवून बाहेर काढायचं. हाड असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुना काढून टाकतात, किंवा अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ६५ अंशांवर तासभर ठेवून थोडं कोलॅजन सोडवून घेतात. मग ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं. ट्रिप्सिन फक्त लायसिन आणि आर्जिनिन या दोन मण्यांनंतर साखळी तोडतं, त्यामुळे ठरावीक लांबीचे तुकडे पडतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. या पेप्टाइडांचं वजन मास स्पेक्ट्रोमीटर करतो.

वजनांचा नुसता ठसा घेऊन प्राणी ओळखायचा ही सोपी आणि स्वस्त पद्धत २००९ पासून रूढ झाली. उदाहरणार्थ, मेंढीच्या कोलॅजनमधलं एक पेप्टाइड ३०३३ डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) आसपास दिसतं, शेळीत तेच ३०९३ ला. हाडाच्या बारक्या तुकड्यावरून शेळी-मेंढी वेगळी करणं डोळ्यांनी किती अवघड असतं हे उत्खननावर काम केलेल्यांना विचारा. दुसरी पद्धत म्हणजे एकेक पेप्टाइड मशीनमध्ये पुन्हा फोडून मण्यांचा क्रमच वाचायचा. ती महाग, वेळखाऊ, पण शेकडो प्रोटीनं एकदम सांगते.

५. किती कापावं लागतं? नमुना खराब होईल म्हणून विभागप्रमुख परवानगी देत नाहीत.

विभागप्रमुखांची काळजी रास्त आहे. हाडाच्या ठशासाठी बहुधा ५ ते २० मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढंसुद्धा नाही. ऊतीसाठीही काही मिलिग्रॅम. चर्मपत्रासाठी तर २०१५ मध्ये खोडरबराची युक्ती निघाली. रबर हलकेच घासायचं, घर्षणाने तयार झालेल्या विद्युतभारामुळे कोलॅजनचे कण त्या चुऱ्याला चिकटतात, आणि चुरा तपासायला पाठवायचा. पानावर ओरखडा दिसत नाही.

तरी कापलेलं परत येत नाही. विभागप्रमुखांकडे जाताना प्रश्न लिहून न्या, किती आणि कुठून घेणार हे लिहा, आधी-नंतरचा फोटो काढायचं कबूल करा आणि उरलेला अर्क नमुन्याच्याच नंबराने जपून ठेवायचं लेखी द्या. पोटाकडचा, आतला, ओळखीच्या खुणा नसलेला भाग निवडा. सापाच्या डोक्यावरचे खवले, माशाचे पर, बेडकाची बोटं यांना हात लावायचा नाही. पुढचा माणूस त्यावरूनच जात ओळखणार असतो.

६. आमचं सगळंच फॉर्मेलीनमध्ये आहे. मग विषयच संपला का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विषय संपत नाही, पण अवघड होतो.

१८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम यांना फॉर्मेलीनने ऊती घट्ट होतात हे लक्षात आलं आणि जगभरच्या संग्रहालयांनी ते उचललं. बाटलीतलं फॉर्मेलीन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं द्रावण. आपण त्याचं दहा टक्के करून वापरतो, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. ते प्रोटीनच्या साखळ्यांना एकमेकींशी टाके घालून टाकतं. टाके मुख्यतः लायसिनवर पडतात, आणि ट्रिप्सिनला तोडायला हवा असतो तोच लायसिन! कात्रीच्या जागीच गाठ बसली म्हणा ना. त्यामुळे पेप्टाइड लांब येतात, कमी येतात, आणि काहींच्या वजनात १२ किंवा ३० डाल्टनची भर पडलेली असते. मशीनला ती भर शोधायला आधी सांगितलं नाही तर ते पेप्टाइड ‘अनोळखी’ म्हणून टाकून देतं.

टाके बऱ्याच प्रमाणात उसवता येतात. उपाय साधा आहे : उष्णता. डिटर्जंट आणि ट्रिस बफरमध्ये नमुना ९५ ते १०० अंशांवर तापवायचा, मग काही तास त्याहून कमी तापमानाला ठेवायचा. ही पद्धत मुळात दवाखान्यातल्या पॅराफिन ब्लॉकसाठी, म्हणजे तपासणीसाठी मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्यांसाठी विकसित झाली (प्रश्न १५). पण आठवड्याचं फॉर्मेलीन आणि चाळीस वर्षांचं फॉर्मेलीन यांत फरक आहे. ब्लॉकमधली ऊती थोडाच काळ फॉर्मेलीनमध्ये असते. आपला साप अजून त्यातच आहे.

आणखी एक गोष्ट. जुनं फॉर्मेलीन हळूहळू आंबट होतं, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते हाडातला चुना खातं. बेडकाचा पाय हातात घेतल्यावर रबरासारखा वाकला तर समजा. असल्या नमुन्याच्या हाडापेक्षा स्नायू किंवा कातडं पाहा.

७. बरणीत फॉर्मेलीन आहे की स्पिरिट, कळणार कसं? चिठ्ठीवर लिहिलेलं नाही.

नाकाने नाही! फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, आणि ‘जरा वास घेऊन बघतो’ म्हणणारे आमच्यातलेच जुने लोक आहेत. हायड्रोमीटर बुडवा. सत्तर टक्के स्पिरिटची घनता ०.८९ च्या जवळपास येते, पातळ फॉर्मेलीन पाण्याइतकं किंवा किंचित जड. मात्र स्पिरिट उडून गेल्यावर कुणी पाण्याने बरणी भरली असेल तर आकडा फसवतो. फॉर्माल्डिहाइडच्या चाचणीपट्ट्या बाजारात मिळतात, त्या जास्त विश्वासाच्या.

आता खरी मेख. पुष्कळ नमुने आधी फॉर्मेलीनमध्ये घट्ट करून मग स्पिरिटमध्ये हलवलेले असतात. आजचं द्रावण स्पिरिट निघालं म्हणून नमुना फॉर्मेलीन न पाहिलेला ठरत नाही. माझ्याच हातून एकदा भर उन्हाळ्यात आटलेल्या स्पिरिटच्या चार बरण्यांत फॉर्मेलीन ओतलं गेलं, कारण कपाटात तेच पुढे होतं. नोंदवहीत मी तेव्हा काही लिहिलं नाही. आता त्या चार बरण्यांच्या नंबरांपुढे लाल शाईने लिहिलंय.

८. पेंढा भरलेले प्राणी विषारी असतात म्हणे. खरं का?

जुने असतील तर धरूनच चाला. अठराव्या शतकात बेकर या फ्रेंच औषधविक्रेत्याने कातडी किड्यांपासून वाचवायला आर्सेनिकचा साबण काढला आणि तो पुढे विसाव्या शतकातही सर्रास वापरला गेला. शिवाय मर्क्युरिक क्लोराइड, नंतर डीडीटी, डांबरगोळ्या. कातड्याच्या शिवणीवर, डोळ्यांभोवती किंवा पंजांच्या तळाशी पांढरी पूड दिसली तर ती धूळ समजून फुंकू नका. हातमोजे, मास्क, आणि त्या टेबलावर चहा नाही.

आर्सेनिक तुम्हाला घातक, पण कोलॅजन वाचण्याच्या आड ते सहसा येत नाही. आड येते ती दुरुस्ती. तिचं रामायण प्रश्न १२ मध्ये आहे.

९. चौंडक्याचं कातडं कोणत्या जनावराचं हे यावरून सांगता येईल का? आणि जुन्या चपलेचं?

सौंदत्तीच्या एका मुलीने हे विचारलं आणि मला प्रश्न फार आवडला. वाद्यावरचं कातडं सहसा कमावलेलं नसतं, केस काढून, ताणून वाळवलेलं असतं. म्हणजे जवळजवळ शुद्ध कोलॅजन. मागच्या, खोडाला चिकटलेल्या कडेवरचा केसाएवढा तुकडा पुरेल. शेळी की मेंढी याचं उत्तर प्रश्न ४ मधल्या आकड्यांनी मिळतं. पण ते वाद्य कुणाच्या तरी घरातलं, देवाचं आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय सुरीसुद्धा बाहेर काढू नका.

चप्पल अवघड. अथणी-निपाणीकडे कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा यांत कमावतात, आणि त्यातलं टॅनिन कोलॅजनला धरून बसतं. पेप्टाइड येतात, पण कमी आणि गढूळ. क्रोमने कमावलेलं असेल तर आणखी कमी.

१०. चिठ्ठीवर जुन्या जिल्ह्याचं, जुन्या राज्याचं नाव आहे. ठिकाण कसं ठरवायचं?

बसून घ्या.

आपल्या भागाची नावं इतक्या वेळा बदलली की चिठ्ठीवरचं गाव जितकं ठिकाण सांगतं तितकंच साल सांगतं. ‘बेळगाव, मुंबई इलाखा’ असेल तर १९४७ च्या आधीची. ‘मुंबई राज्य’ असेल तर १९५६ पर्यंतची. १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य, १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं बेळगावी. सगळ्या तारखा १ नोव्हेंबरच्याच. सीमाभागातल्या वाचकांना ती तारीख वेगळ्या कारणानेही पाठ असते, ते असो. इथे आपल्याला बरणीचं वय काढायचं आहे.

‘चंदगड, जि. बेळगाव’ असं लिहिलेलं दिसलं की पुष्कळजण चूक समजून खोडतात आणि कोल्हापूर लिहितात. खोडू नका! चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. ती चूक नाही, ती तारीख आहे. इंग्रजीत ‘एस. एम. कंट्री’ म्हणजे सदर्न मराठा कंट्री, आपलाच हा पट्टा. ‘एम. अँड एस. एम.’ ही मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. लोंढा, कॅसलरॉक ही नावं जुन्या चिठ्ठ्यांवर भेटतात, कारण नमुने गोळा करणारे साहेबलोक रेल्वेने यायचे आणि स्टेशनचं नाव लिहून मोकळे व्हायचे. प्राणी मात्र स्टेशनपासून आठ-दहा मैलांवर जंगलात मारलेला असायचा. कॅसलरॉक पूर्वी पोर्तुगीज हद्दीला लागून, त्यामुळे नमुना घाटाच्या वरचा की खालचा हेही पाहावं लागतं. सुपा असं लिहिलं असेल तर ते गाव आज धरणाच्या पाण्याखाली आहे.

प्रोटीनच्या लेखात याचं काय काम, असं विचाराल. काम असं की अहवाल आला आणि पेप्टाइडात वेगळेपणा दिसला, तर तो घाटमाथ्यावरच्या जातीचा की गोकाककडच्या कोरड्या माळावरच्या, हे फक्त चिठ्ठी सांगते. मशीन सांगत नाही. चिठ्ठीवर नवं नाव लिहायचं असेल तर जुनी आतच ठेवा आणि नवी शेजारी लावा.

११. चिठ्ठी कानडीत आहे आणि आम्हाला वाचता येत नाही.

वाचणारा शोधा, बेळगावात तो शेजारच्या टेबलावरच असतो. भाषांतर करून मूळ चिठ्ठी काढून टाकू नका. ‘केरे हावु’ म्हणजे धामण, ‘नागर हावु’ म्हणजे नाग. आमच्या एका बरणीवर कानडी, मोडी आणि इंग्रजी अशा तीन लिप्या आहेत आणि तिघांनी तीन वेगळे साप लिहिलेत.

१२. अहवालात ‘माणसाचं केराटिन’ आणि ‘गाईचं कोलॅजन’ आलंय. नमुना तर उदमांजराचा होता!

अभिनंदन, तुम्ही खरोखरच प्रयोग केला. केराटिन तुमचंच. त्वचेचा कोंडा, केस, आणि कधी लोकरीचा स्वेटरसुद्धा. बेळगावच्या डिसेंबरात प्रयोगशाळेत स्वेटर घालून कापाकापी करणाऱ्या मुलांचे अहवाल मी पाहिलेत. मेंढीचं केराटिन भरपूर!

गाईचं कोलॅजन मात्र बघण्यासारखं आहे. ते बहुधा सरस. पूर्वी पेंढा भरताना, तुटलेलं हाड जोडताना, चिठ्ठी चिकटवताना सरस वापरत, आणि सरस म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं उकळलेलं कोलॅजनच. आमच्याकडच्या कवटीचा निकाल असाच गुरांचा आला होता. दोन आठवडे आम्ही चक्रावून गेलो होतो, मग शिपाईमामांनी सांगितलं की ती कवटी पूर्वी पडली होती आणि जोडली होती. अंड्याचा पांढरा, दुधातलं केसीन यांचाही चिकटवायला वापर होतो, तेही अहवालात येऊ शकतं.

उपाय : प्रत्येक वेळी नमुना न घातलेली एक कोरी नळी सोबत चालवा, सगळ्या पायऱ्या तशाच. दुरुस्तीच्या जागेपासून लांबचा तुकडा घ्या. आणि संग्रहालय जितकी वर्षं बघतंय त्यापेक्षा जास्त वर्षं बघणाऱ्या शिपायाशी आधी बोला.

१३. शेळी-मेंढी वेगळी करता येते, तर गवा आणि गाय?

कोलॅजनच्या ठशाने नाही. बॉस आणि बायसन या गटातली जनावरं एकमेकांना इतकी जवळची की नेहमीच्या खुणा सारख्याच येतात, आणि गवा बॉसमध्येच मोडतो. घोडा-गाढवही याच अडचणीत. साधारण नियम : ठसा गट सांगतो, जात दर वेळी सांगत नाही. जवळच्या नात्यांत डीएनए लागतो.

दुसरी मर्यादा म्हणजे तुलनेची यादी. मशीन पेप्टाइड ओळखतं ते माहीत असलेल्या क्रमांशी जुळवून. ज्या प्राण्याचा क्रम कुणी वाचलेलाच नाही तो जवळच्या नातेवाईकाच्या नावाने येतो. पश्चिम घाटातल्या बेडकांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा.

१४. बरणीतल्या घोणशीच्या विषग्रंथीतून विषाचा अभ्यास होईल का?

ग्रंथी फॉर्मेलीनमधली असेल तर विष किती जहाल होतं हे कळणार नाही, ते काम मोडलेलं आहे. कोणत्या कुळातली प्रोटीनं होती याची काही कल्पना येऊ शकते. वाळवून नीट ठेवलेलं विष मात्र वेगळी गोष्ट. आठ दशकांपर्यंत साठवलेल्या सर्पविषांच्या २०१४ मधल्या एका अभ्यासात बहुतेकांतली प्रोटीनं चांगली टिकलेली दिसली. हा विषय नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या प्रतिविषाशी जोडलेला आहे म्हणून मुलांना आकर्षक वाटतो, पण ताजं विष काढायला परवाने लागतात. बीएस्सीच्या प्रकल्पात ते बसत नाही.

१५. मेडिकल कॉलेजातले पॅराफिन ब्लॉक वापरता येतील का?

तांत्रिकदृष्ट्या आपल्या बरण्यांपेक्षा चांगले, कारण फॉर्मेलीनचा काळ माहीत असतो. पण ते माणसांचे आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आचारसमितीची मंजुरी लागते. ओळखीच्या तंत्रज्ञाने दिला म्हणून ब्लॉक घेऊ नका.

१६. बारापेडे गुहेतल्या वटवाघळावर काम करायचं आहे. नमुना कुठे मिळेल?

खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या या गुहेवरून रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ शास्त्राला माहीत झालं. ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि रॉटन या वनाधिकाऱ्याचं नाव दिलं. बराच काळ जगात ही एकच जागा माहीत होती, मग मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. तो काळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणाचा, १९११ ते १९२३ चा. धारवाड, कॅनराकडचे पुष्कळ नमुने त्यातून मुंबईला आणि लंडनला गेले.

वर्णन ज्यावर आधारलं तो मूळ नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. असल्या नमुन्यातून तुकडा काढायची परवानगी दुसरा काहीही मार्ग नसल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळूही नये. गुहेत जाऊन पडलेलं वटवाघूळ उचलणं तर अजिबात नाही. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं आहे आणि जागा भीमगड अभयारण्याच्या परिसरातली. इच्छा असेल तर आधी इतर साध्या वटवाघळांच्या जुन्या नमुन्यांवर हात बसवा.

१७. चोर्ला घाटात गाडीखाली मेलेला प्राणी दिसला तर बरणीत आणू का?

नाही. मेला असला तरी तो रस्त्यावर बेवारस पडलेला नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या प्राण्याचं शव किंवा भाग परवानगीशिवाय ताब्यात ठेवणं गुन्हा ठरू शकतं. फोटो काढा, जागा नोंदवा, वनखात्याला कळवा. आणि खातं कुणाचं तेही बघा. त्या एकाच रस्त्यावर कर्नाटक आणि गोवा आहेत, चंदगडकडे वळलात की महाराष्ट्र. एका राज्याचं पत्र दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर चालत नाही, हे सांगायला बेळगावकर लागत नाही.

१८. आजोबांचं वाघनख खरं का हे प्रोटीनवरून कळेल?

केराटिनवरून बनावट ओळखता येऊ शकतं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्नाटकात वाघनखाचं लॉकेट घातल्यावरून अटक झाली होती, ते आठवा. खरं निघालं तर प्रश्न शास्त्राचा राहत नाही. आमच्याकडे आणू नका. वकिलाला विचारा आणि वनखात्याकडे जा.

१९. परदेशातल्या प्राध्यापकांनी तुकडा पाठवायला सांगितलाय. कुरिअर करू?

थांबा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण त्यासाठीच आहे. जैविक नमुना परदेशी पाठवण्याआधी त्यांच्या नियमांत तुमचं प्रकरण कुठे बसतं ते कॉलेजमार्फत विचारा. प्राणी संरक्षित असेल तर साइट्सची, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रंही. बहुतेक वेळा पेप्टाइडचं काम देशातच होतं, आणि मग मशीनची फाइल पाठवली की पुरतं. तरी संशोधनाचे निष्कर्ष परदेशी द्यायलाही कायद्यात अटी आहेत, म्हणून फाइल पाठवण्याआधीही विचारा.

२०. मग तपासणी कुठे करायची? आमच्याकडे तर साधा सेंट्रिफ्यूजही धड नाही.

बेंगळुरूचं सी-कॅम्प, आयआयटी मुंबईची प्रोटिऑमिक्स सुविधा, हैदराबादचं सीसीएमबी अशी ठिकाणं आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलवर सरकारी पैशाने घेतलेली यंत्रं कुठे आहेत आणि दर काय हे बघता येतं. दर बदलतात, म्हणून आकडा इथे लिहीत नाही. फोन करताना पहिल्याच वाक्यात ‘नमुना जुना आहे आणि फॉर्मेलीन पाहिलेला आहे’ असं सांगा. ताज्या नमुन्याच्या पद्धतीने चालवला तर पैसे जातात आणि अहवाल कोरा येतो.

२१. नवी इमारत होतेय आणि प्राचार्य म्हणतात जुन्या बरण्या टाकून द्या. काय करू?

हा फोन मला दर उन्हाळ्यात येतो. आधी वेळ मागा, एक महिना तरी. प्रत्येक बरणीचा चिठ्ठीसकट फोटो काढा, नोंदवहीची पानं मोबाइलवर घ्या. चिठ्ठी आणि नंबर दोन्ही असलेल्या बरण्या एका बाजूला करा. त्यांच्यासाठी जवळच्या विद्यापीठाचा विभाग किंवा झूऑलॉजिकल सर्व्हेचं पुण्याचं केंद्र यांना पत्र लिहा. बिनचिठ्ठीच्या बरण्या शाळांना देताना फॉर्मेलीन काढून, नमुना पाण्यात धुऊन, स्पिरिटमध्ये घालून द्या. काढलेलं फॉर्मेलीन बेसिनमध्ये ओतू नका, ते रासायनिक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे जायला हवं. सुटी पडलेली चिठ्ठी कोणत्या बरणीतून पडली ते ठरेपर्यंत कपाट हलवू देऊ नका. हमाल आले असतील तर त्यांना चहा पाजा आणि तोपर्यंत शोधा.